प्रभागाच्या निवडणुकीला घेतलेलं 'सोशल मीडिया ॲनालिसिस' पॅकेज : 47,200 रुपयांत नक्की काय मिळालं

5 पैकी 2 स्टार. दोन कशासाठी दिले आणि तीन का कापले ते नीट सांगते, मोठं होणार आहे, पण ज्यांना पुढच्या वेळी असलं काही घ्यायचंय त्यांनी पूर्ण वाचा.

आमच्या ताई जानेवारी 2026 च्या नवी मुंबई महापालिका निवडणुकीला कोपरखैरण्यातून अपक्ष उभ्या होत्या. ताई म्हणजे नात्यातल्या नाहीत, आमच्याच सेक्टरमधल्या, बचत गट चालवतात, पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसला हंडे घेऊन गेलेल्या आहेत, त्यामुळे बायका त्यांना ओळखतात. माझं काम ऐरोलीला एका कंपनीत एमआयएसचं, दिवसभर एक्सेल, म्हणून ताई म्हणाल्या अगं तू ते ऑनलाईनचं सगळं बघ, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. ही सर्व्हिस मीच शोधली, कोटेशन मीच मागवलं, ताईंना हो म्हणायला मीच लावलं, त्यामुळे खरं काय ते लिहायची जबाबदारी पण माझीच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, त्यांच्याशी मेलवर एक विषय अजून चालू आहे तो शेवटी येईलच, आणि मी डेमो तीन जणांचे बघितले होते, तिघांचं प्रॉडक्ट रंग सोडले तर जवळजवळ सारखंच होतं, म्हणजे जे लिहितेय ते बऱ्याच जणांना लागू पडेल.

पॅकेज महिनाभराचं होतं, 40,000 अधिक 18% जीएसटी म्हणजे 47,200. अपक्षाला ही रक्कम छोटी नाही, बचत गटातल्या बायकांनी वर्गणी काढली होती, कोणी पाचशे कोणी हजार. पक्कं बिल घेतलं आणि निवडणूक खर्चाच्या हिशोबात दाखवलं, हे पण सांगून ठेवते कारण एका ठिकाणी मला 'बिल कशाला मॅडम' असं विचारलं होतं, तिथून मी उठूनच आले.

आधी थोडी पार्श्वभूमी, ठाण्याकडच्या किंवा बाहेरच्या लोकांना माहीत नसेल म्हणून. आमच्याकडे याआधीची निवडणूक झाली एप्रिल 2015 ला, तेव्हा 111 वॉर्ड, एका वॉर्डाला एक नगरसेवक. मुदत संपली मे 2020 मध्ये, नंतर जवळजवळ पावणेसहा वर्षं प्रशासक. 15 जानेवारीला मतदान झालं तेव्हा जागा त्याच 111 पण प्रभाग 28, म्हणजे तीन जागांचा एक प्रभाग सोडला तर एका मतदाराने चार-चार मतं द्यायची, अ ब क ड. इतक्या वर्षांनी, नवीन हद्दी, नवीन पद्धत, त्यामुळे जुना आकडा तुलनेला घ्यावा म्हटलं तर घेता येत नाही. अशा वेळी कोणी येऊन सांगितलं की आम्ही फेसबुक, इन्स्टा, यूट्यूब, एक्स सगळीकडून डेटा गोळा करून प्रभागातली हवा सांगतो, तर माणूस ऐकतो. मी ऐकलं.

मिळतं काय तर एक लॉगिन. आत चार टॅब, सेंटिमेंट मीटर (लोक आपल्याबद्दल चांगलं लिहितात की वाईट ते मोजणारा), टॉप इश्यू, व्होट शेअरचा अंदाज आणि व्होटर डेटाबेस. शिवाय रोज रात्री आठला व्हॉट्सअपवर पीडीएफ. दिसायला सुंदर, मोबाईलवर पण व्यवस्थित चालतं, पीडीएफ एक दिवस चुकली नाही, त्या कंपनीत काम करणारा मुलगा फोन उचलायचा आणि नम्रपणे बोलायचा, हे सगळं चांगलं आहे आणि ते मी मान्य करते.

सेंटिमेंट मीटरपासून सुरू करते कारण ताईंचा सगळ्यात जीव त्याच्यात अडकला होता. पहिल्याच आठवड्यात ताईंच्या नावासमोर हिरव्या रंगात 71% पॉझिटिव्ह. घरी बायकांनी पेढे आणले. मला बरं वाटलं पण खटकलं पण, कारण रोज संध्याकाळी दारोदार फिरताना मला तसं दिसत नव्हतं, लोक चहा पाजत होते पण मताचं बोलत नव्हते. मग एका रविवारी मी डाउनलोडचं बटण दाबून कच्चा डेटा एक्सेलमध्ये घेतला आणि पहिल्या 300 कॉमेंट एकेक करून वाचल्या, सकाळी दहाला बसले ते दुपारी चारला उठले.

काय होतं त्यात? 'ताई एक नंबर', 'ताई तुम्हीच' अशा कॉमेंट भरपूर, पण लिहिणाऱ्यांचे प्रोफाईल उघडले तर निम्म्याहून जास्त बचत गटातल्या आमच्याच बायका आणि ताईंच्या माहेरची, पाटणकडची मंडळी. माहेरच्यांचं प्रेम खरंच आहे पण त्यांचं मत कोपरखैरण्यात नाही ना. 300 पैकी हा माणूस आपल्या प्रभागातलाच आहे असं मी खात्रीने म्हणू शकले असे निघाले 41. उरलेले कोण, कुठले, त्यांचं नाव यादीत आहे का, काही सांगता येत नाही. आणि 71% हा आकडा सगळ्यांचा मिळून काढलेला.

मग भाषेचा घोळ. 'वा काय पाणी येतंय, जणू धबधबाच' ही कॉमेंट पॉझिटिव्हमध्ये, आता त्या दिवशी त्या लाईनला पाण्याचा थेंब नव्हता, कोपरखैरण्यातलं शेंबडं पोर सांगेल की हा माणूस चिडून लिहितोय. गावठाणातले लोक आगरीत लिहितात ते तर मशीनला अजिबात झेपत नाही, सगळं 'न्यूट्रल'. आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली मराठी, त्यात प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, 'नाही' हा एकच शब्द मला पाच प्रकारे लिहिलेला सापडला. तो एक शब्द सुटला की वाक्याचा अर्थच उलटा होतो, 'मत देणार नाही' चं 'मत देणार' होतं.

आणि एक दिवस तर मीटर 71 वरून थेट 48 वर. त्यांच्या मुलाचा फोन, मॅडम काय झालंय, काही क्रायसिस आहे का, आम्ही काउंटर कंटेंट बनवून देऊ का. मी घाबरून ऑफिसमधूनच लॉगिन केलं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजींचं आदल्या रात्री निधन झालं होतं, ताईंनी पेजवर फोटो टाकला होता, त्याखाली साठ-सत्तर जणांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. दुःखाचे शब्द म्हणून मशीनने सगळे निगेटिव्हमध्ये टाकले आणि ताईंच्या खात्यातून वजा केले. मी त्या मुलाला फोनवर ती पोस्ट वाचून दाखवली. तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला सॉरी मॅडम, मला मराठी बोलता येतं पण मी पोस्ट वाचत नाही, आमच्याकडे फक्त आकडा येतो. मला त्याचा राग नाही आला, पण आकड्याच्या मागची कॉमेंट कोणीच वाचत नसेल तर हे काम नक्की करतंय कोण, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

टॉप इश्यूचं पण बघा. 25 डिसेंबरला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. त्या आठवड्यात ज्याने त्याने तिथले रील टाकले, कमळाच्या आकाराचं टर्मिनल, पहिली फ्लाईट, विमानतळाला दि. बा. पाटील साहेबांचं नाव द्यायचा विषय पण होताच. आमच्या पीडीएफमध्ये सलग आठ दिवस प्रभागातला नंबर एकचा मुद्दा 'विमानतळ'. त्यांनी तर ताईंसाठी विमानतळावर भाषणाचे पॉइंट पण लिहून पाठवले. आणि आमच्याकडे, तीन-चार मजली जुनी घरं, चिंचोळ्या गल्ल्या, दोन्ही बाजूला बाइका लावलेल्या, ॲम्ब्युलन्स आत येत नाही, तिथे बायका विचारत होत्या पाणी संध्याकाळी किती वाजता सोडणार. विमानतळ खोटा मुद्दा आहे असं नाही, दि. बां.च्या नावासाठी इथल्या भूमिपुत्रांनी मोठी लढाई दिली आहे, पण आमच्या चार गल्ल्यांतल्या बाईने कशावर मत द्यायचं हे संपूर्ण शहराच्या रीलवरून कळत नाही. त्यांचं सॉफ्टवेअर 'नवी मुंबई' शब्द आला की प्रभागात धरत होतं. हे मी विचारल्यावरच कळलं, आधी कोणी सांगितलं नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा करतात हे बरोबर आहे, पण शीत त्याच पातेल्यातलं पाहिजे.

आता व्होट शेअर. ह्या टॅबसाठी मी शून्य देईन. कोणाच्या नावाचा उल्लेख किती वेळा झाला, त्यातले पॉझिटिव्ह किती, त्याची काहीतरी बेरीज करून उमेदवाराला टक्के देतात. मी विचारलं हे चालतं कशावरून, तर म्हणाले मॅडम हे जगभर सिद्ध झालंय, जर्मनीत झालंय. म्हणून मी घरी बसून शोधलं. जर्मनीच्या 2009 च्या निवडणुकीवर खरंच एक अभ्यास 2010 ला आला होता, साधारण एक लाख ट्विट घेऊन त्यांनी दाखवलं की पक्षांच्या नावांचा नुसता उल्लेख मोजला तरी तो मतांच्या टक्क्यांच्या जवळ जातो. पण त्यांनी मोजले फक्त संसदेतले सहा पक्ष. नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी तेच गणित पायरेट पार्टी धरून केलं, नेटवरच्या तरुणांचा नवा पक्ष होता तो, तर उल्लेखात तोच पहिला आला, आणि प्रत्यक्षात त्याला मिळाली 2% मतं आणि एकही जागा नाही. म्हणजे कोणाला मोजायचं आणि कोणाला नाही हे आपणच ठरवायचं आणि मग उत्तर जुळलं म्हणायचं. हे मी त्यांना मेलवर लिहून पाठवलं, उत्तर आलं की आमचा अल्गोरिदम वेगळा आहे. कसा वेगळा ते सांगितलं नाही.

आणि त्यांची बेसलाईन, म्हणजे अंदाजाचा पाया, होती 2024 च्या लोकसभेची. महाराष्ट्रात लोकसभेला महाविकास आघाडीने 48 पैकी 30 जागा घेतल्या आणि पाचच महिन्यांनी विधानसभेला महायुतीला 288 पैकी 230 च्या वर जागा, पाच महिन्यांत राज्य एवढं फिरलं, तर दीड वर्षापूर्वीच्या लोकसभेवरून माझ्या प्रभागातल्या अपक्षाचा अंदाज काढण्यात काय अर्थ आहे? अहो जे माणसं पाठवून, घरोघरी विचारून सर्व्हे करतात तेसुद्धा चुकतात, 1 जून 2024 चे एक्झिट पोल आठवा, बहुतेकांनी एनडीएला 350 च्या वर नेलं होतं, आल्या 293. ते निदान मतदाराला समोर उभं करून विचारतात. इथे तर विचारलंच नाही कोणाला.

शेजारचंच उदाहरण घ्या, बेलापूर विधानसभा 2024, मंदा म्हात्रे आणि संदीप नाईक, निकाल लागला 377 मतांनी. 377 मतं म्हणजे आमच्या बाजूच्या दोन-तीन सोसायट्या. एवढ्या काठावरच्या निवडणुकीत कुठलाही टक्केवारीचा मीटर काय सांगणार होता? प्रभागाच्या निवडणुकीत तर फरक असा काठावरचा नेहमीच असतो, आणि हे लोक आम्हाला दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवत होते, 23.64% वगैरे. नको तिथे एवढी बारीक अचूकता दाखवली की माणसाचा विश्वास बसतो, तीच भीती आहे.

बरं, दोन स्टार कशाचे ते सांगते, कारण सगळंच टाकाऊ नव्हतं.

पहिला स्टार तक्रारींचा. मी 'टॉप इश्यू' बाजूला ठेवून कच्च्या डेटात 'पाणी', 'टँकर', 'प्रेशर', 'मोटार' हे शब्द स्वतः शोधले, आगरी 'पानी' आणि इंग्रजी अक्षरातली चार-पाच स्पेलिंगं पण घातली, आणि लोकांनी कॉमेंटमध्ये ज्या गल्लीचं, ज्या बिल्डिंगचं नाव लिहिलं होतं ते वेगळ्या कॉलममध्ये काढलं. त्यातून एक पॅटर्न दिसला, तक्रारी सगळ्या एका उताराच्या टोकाच्या लाईनच्या होत्या आणि वेळ संध्याकाळी सहा ते आठ. नवी मुंबईचं स्वतःचं मोरबे धरण आहे, शहराला पाणी आहे, तरी ह्या टोकाला प्रेशर येत नाही, हे ताईंना वरवर माहीत होतं पण आता गल्लीच्या नावासकट कागदावर होतं. ताईंनी तो कागद घेऊन तिथे सहा वाजता उभं राहून नळ उघडून दाखवले, व्हिडिओ केला, आणि तो व्हिडिओ आमचा एकच असा होता ज्याच्याखाली प्रभागातलेच लोक बोलत होते. तर ऑनलाईन डेटा लोकांना काय दुखतंय ते सांगतो, किती जण मत देणार ते नाही सांगत. महिनाभराच्या 47,200 मधून माझ्या हाती लागलेली खरी गोष्ट ही.

दुसरा स्टार त्या मुलाने मला एका फुकटच्या गोष्टीची ओळख करून दिली त्याचा, मेटाची ॲड लायब्ररी. भारतात फेब्रुवारी 2019 पासून फेसबुक-इन्स्टावरच्या राजकीय जाहिरातींना 'पैसे कोणी दिले' ते लिहावं लागतं आणि त्या जाहिराती सात वर्षं तिथे ठेवतात. लॉगिनसुद्धा लागत नाही. पेजचं नाव टाका, कधीपासून जाहिरात चालू आहे, खर्च साधारण कितीपासून कितीच्या मधे, बघणाऱ्यांत बायका किती पुरुष किती, वय काय, सगळं दिसतं. भाग मात्र राज्यापर्यंतच दाखवतात, म्हणजे 'महाराष्ट्र' एवढंच कळतं, कोपरखैरणे कळत नाही. तरीपण उपयोग झाला. एक पेज ताईंबद्दल वाईट-साईट व्हिडिओ टाकत होतं, नाव असं की वाटावं प्रभागातल्या जागरूक नागरिकांचं आहे. पेजची माहिती उघडली तर दोन वर्षांपूर्वी ते स्टेटस व्हिडिओंचं पेज होतं, नाव बदललेलं, आणि जाहिरातीच्या पैशाच्या जागी भलत्याच कोणाचं नाव. आम्ही स्क्रीनशॉट काढून निवडणूक अधिकाऱ्यांकडे लेखी दिले आणि ताईंनी कॉर्नर सभेत लोकांना मोबाईल काढून तेच दाखवलं. बायका चिडल्या, पण ताईंवर नाही. हे सगळं एक रुपया न देता होतं, मला आधी माहीत असतं तर पॅकेज घेतलंच नसतं.

गुगल ट्रेंड्सचं पण लोक विचारतात म्हणून एका ओळीत, तिथे 0 ते 100 दिसतं ते शोधणाऱ्यांची संख्या नसते, सगळ्यात जास्त शोध झाला त्या वेळेला 100 धरून बाकीचं त्याच्या तुलनेत असतं, आणि शोध कमी असले तर 0 च दाखवतं, प्रभागाच्या कामाचं नाही.

व्हॉट्सअपबद्दल मात्र सावध करते. खरी चर्चा सगळी सोसायटीच्या आणि मंडळाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर होते, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर बाहेरून वाचू शकत नाही. पॅकेजमध्ये 'व्हॉट्सअप मॉनिटरिंग' लिहिलेलं होतं, मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्यांची मुलं वेगवेगळ्या नंबरने ग्रुपमध्ये शिरतात. मी लगेच सांगितलं की आमच्यासाठी हे करायचं नाही. शेजाऱ्यांच्या ग्रुपवर कोणी डबा हरवला म्हणून लिहितं, कोणी आजारपणाचं लिहितं, तिथे परका माणूस बसवून ऐकायचं हे मला चोरून कान लावण्यासारखं वाटतं.

आणि आता तो चौथा टॅब. व्होटर डेटाबेस.

मी तो तिसऱ्या आठवड्यात उघडला, आधी गरजच पडली नव्हती. प्रभागाची पूर्ण यादी, सर्च करता येते. सहज म्हणून आमच्या बिल्डिंगचं नाव टाकलं. आईची ओळ आली. नाव, वडलांच्या-नवऱ्याच्या जागी बाबांचं नाव, वय, खोली नंबर, इथपर्यंत ठीक आहे, हे मतदार यादीत असतंच. त्याच्या पुढे मोबाईल नंबर. आईचाच, बरोबर. त्याच्या पुढे 'समाज', त्यात आमची जात लिहिलेली आणि कंसात 'अंदाज', आडनावावरून काढलेली. त्याच्या पुढे 'कल', त्यात पिवळा ठिपका.

माझे हात गार पडले. आई फेसबुकवर नाही. आईने आयुष्यात कोणाला राजकारणावर कॉमेंट केलेली नाही. आयोग जी यादी देतो त्यात मोबाईल नंबर नसतो, जात तर नसतेच. मग आईचा नंबर आला कुठून? मी आईला विचारलं तू नंबर कुठे कुठे दिलास, ती बिचारी आठवायला लागली, गॅसला दिला, मेडिकलला दिला, हळदीकुंकवाला गेले होते तिथे वहीत लिहिला, रक्तदाब तपासणीच्या कॅम्पला दिला. तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. मला खूप वाईट वाटलं ते बघून, तिची काय चूक आहे?

कंपनीला विचारलं तर आधी म्हणाले आमच्या पार्टनरकडून येतो, मग म्हणाले पब्लिक सोर्स. कुठला पब्लिक सोर्स, दाखवा म्हटलं, नाही दाखवला. 2018 ला केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण झालं, म्हणजे फेसबुकवरच्या लोकांचा डेटा त्यांना न विचारता राजकीय प्रचारासाठी एका कंपनीकडे गेल्याचं, तेव्हा फेसबुकने स्वतः सांगितलं होतं की भारतातल्या 5,62,455 लोकांचा डेटा त्यात गेला असू शकतो, तेव्हा आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर लांबचं म्हणून बघितलं. इथे ते माझ्या आईच्या खोली नंबरसकट समोर होतं आणि त्याचे पैसे मी दिले होते. आपल्याकडे डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा 2023 ला झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण बहुतेक तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, आणि बरोबर त्याच काळात आमच्या निवडणुका झाल्या.

ताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून स्वतःची ओळ वाचली, मग शेजारणीची, मग मला म्हणाल्या, 'पोरी, हे बंद कर. ह्या बायकांनी मला घरात घेतलंय, मी त्यांची जात बघून दार वाजवणार नाही.' त्या दिवसापासून तो टॅब आम्ही उघडला नाही.

मग आम्ही काय वापरलं? एक तर विधानसभेचे फॉर्म 20. कुठल्या बूथवर कोणाला किती मतं पडली ते त्यात छापलेलं असतं, सगळ्यांसाठी खुलं असतं, आमचा भाग ऐरोली विधानसभेत येतो. ह्या वेळी प्रभागाच्या याद्या 1 जुलै 2025 च्या विधानसभेच्या यादीवरून फोडल्या होत्या, त्यामुळे कुठला यादी भाग कुठल्या प्रभागात गेला हे जुळवता येतं, मला दोन रात्री लागल्या. त्यावरून निदान कुठे मतदान कमी होतं, कुठे लोक घराबाहेरच पडत नाहीत ते दिसलं.

आणि दुसरे आमचे यादीवाले काका. माथाडीत हिशोबाला होते, रिटायर झाले, तीस वर्षं ह्याच सेक्टरमध्ये. प्रिंट काढलेली यादी, मागे पुठ्ठा, शिसपेन्सिल दोऱ्याने बांधलेली. प्रत्येक नावासमोर एकच अक्षर, म म्हणजे मयत, दु म्हणजे दुबार, भा म्हणजे घर भाड्याने देऊन दुसरीकडे गेले, गा म्हणजे गावाला. हा 'गा' फार महत्त्वाचा आहे आमच्याकडे, माथाडी कुटुंबं सातारा-सांगलीकडची, अर्धं घर इथे अर्धं तिथे, पंधरा जानेवारी म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, किती जण परत येतील हे काकांनी घरी जाऊन विचारलं होतं. एका पूर्ण पानावर त्यांनी सोळा 'गा' लिहिले होते, डॅशबोर्डवर त्याच सोळा जणांना हिरवे ठिपके होते.

मतदानाच्या दिवशी मी मुद्दाम ते पान घेऊन बसले. सोळापैकी दोघं आले.

16 तारखेला निकाल लागला, ताई तिसऱ्या आल्या. डॅशबोर्डने आदल्या रात्रीपर्यंत दुसऱ्या नंबरवर 'काँटे की टक्कर' दाखवली होती, प्रत्यक्षात दुसरा नंबर बराच पुढे होता. काकांनी चौदा तारखेलाच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, 'पोरी, तिसऱ्या येतील, पण पडलेली मतं सगळी आपली असतील.'

ज्यांना विचारायचंय घ्यावं का, त्यांना एवढंच सांगेन की आमदारकी-खासदारकीचं मला माहीत नाही, मी प्रभागापुरतं बोलते, प्रभागाला घेऊ नका. तरी घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागा, कच्चा डेटा डाउनलोड करता येतो का, मराठी कॉमेंट कोणी माणूस वाचतो का, आणि मोबाईल नंबर कुठून आणता ते लेखी. तिसऱ्याला उत्तर आलं नाही तर तिथूनच परत फिरा.

पैसे परत मागितलेले नाहीत, सर्व्हिस महिनाभर चालली ते खरं आहे. मी मागितलंय ते एवढंच की आमच्या प्रभागाच्या यादीला जोडलेले नंबर आणि जातीचा कॉलम काढून टाका आणि काढल्याचं लेखी द्या. पहिल्या मेलला उत्तर आलं 'टीमला कळवतो'. दुसऱ्याला आलं नाही. तिसरा काल पाठवलाय, ह्या वेळी खाली ताईंची, काकांची आणि आईची पण सही आहे.